हात दाखवा, घर थांबवा

"येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बास."

मालनमामी फलाटावर उभी राहून दोन्ही हातांनी वारा घातल्यासारखं करत होती आणि हिंदुरावमामा तिच्या हातांकडं बघत गाडी पुढं घेत होते. गाडी लागली. इतकी नेमकी लागली, की बंपर आणि फलाट यांच्यामध्ये एक भाकरी उभी राहिली असती, दोन राहिल्या नसत्या. मामांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरून शर्ट खाली ओढून नीट केला.

हे सगळं करायची काही गरज नव्हती. आम्ही बस नव्हतो.

आम्ही घर होतो. गाडीच्या दोन्ही अंगांवर दोन-दोन फुटी अक्षरांत तसं लिहिलेलं होतं: 'घरोबा – चालतंफिरतं घर'. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, छोटा फ्रीज आणि कपाटाएवढा संडास होता. त्यात बसायचं असेल तर बाहेरच वळून घ्यावं लागे, आत गेल्यावर वळायला जागा नव्हती. माझा मित्र अल्ताफ यानं शिरोलीच्या शेडमध्ये शाळेच्या एका जुन्या मिनीबसचं हे घर केलं होतं. भाड्यानं द्यायच्या आधी कुणीतरी ते तीनेक हजार किलोमीटर चालवून बघायला हवं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला दुसरं काही काम नव्हतं.

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गारगोटी डेपो, चौतीस वर्षं, एकही अपघात नाही. मामी त्याच डेपोची निवृत्त कंडक्टर. गाडीत असताना ते एकमेकांना नवरा-बायको म्हणून ओळखत नसत. गाडीत ती त्यांना 'चौगुले' म्हणे आणि ते तिला 'मॅडम' म्हणत. खाली पाय टेकला की 'अहो' आणि 'मालन' सुरू व्हायचं. मधल्या पायरीवर काय म्हणतात, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अल्ताफनं घर बांधताना मामांनी दोनच सूचना केल्या होत्या. दार घडीचं पाहिजे, आणि छताला दोरी बांधून पुढं घंटी पाहिजे. स्वयंपाकघर कुठं असावं याबद्दल दोघांचंही काही म्हणणं नव्हतं.

कुठल्याही गावात गेलं, की मामांना आधी स्टँड बघायचा असतो. उदयपूरला आमचा तलाव त्यामुळं राहिला. जोधपूरला किल्ला दिसला, पण स्टँडवरून. आणि आता बिकानेरच्या पुढं वाळूत शिरून आम्ही खारलसर नावाच्या गावी आलो होतो, ज्याचं नाव मी मोबाइलवर शोधून काढलं होतं. गाव एवढंसं, पण किल्ला, जुनी पायऱ्यांची बावडी, राजांच्या समाधींवरच्या छत्र्या आणि एक घड्याळ नसलेला घड्याळाचा मनोरा अशा चार गोष्टी तिथं होत्या. मी त्यांची माहिती चार कागदांवर छापून आणली होती. दिवसभर गाव बघायचं आणि संध्याकाळी गावाबाहेर मुक्काम करायचा, असा बेत होता.

म्हणजे तो उघड बेत. खरा बेत असा होता, की त्या दिवशी मला मामांकडून गाडीची किल्ली कायमची काढून घ्यायची होती.

झालं होतं असं. निघायच्या आधी आठवडाभर रोहिणीताई, म्हणजे मामांची मुलगी, त्यांना चष्म्याचा नंबर बघायला घेऊन गेली. डॉक्टरांनी मामांना बाहेर बसवलं आणि ताईला सांगितलं, की डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, जी नजर गेली ती परत येणार नाही, आणि यापुढं ह्यांनी गाडीला हात लावायचा नाही. मामांना सांगितलं, थेंब घाला. ताईनं रडून घेतलं आणि मग डॉक्टरांचं पत्र माझ्या हातात ठेवलं. तिचं म्हणणं, मामा तुझं ऐकतात. मामांनी माझं एकदाच ऐकलं होतं, मी सात वर्षांचा असताना, आणि तेव्हा मी 'उलटी येतेय' म्हणालो होतो. ताईनं वर अशीही ताकीद दिली, की मामीला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिला घोर लागेल.

वाळवंटाची कल्पना माझी. त्यांना शेवटचं एकदा, सरळ रिकाम्या रस्त्यावर थोडंसं चालवू द्यावं आणि मग सांगावं. तिथं धडकायला काही नसतं, असा माझा समज होता. ज्यानं उंट पाहिलेला नाही, त्याचाच असा समज होऊ शकतो. तिथवर गाडी मी न्यायची असं ठरलं होतं आणि कोल्हापुरातून मीच काढली. पेठनाक्याला मामा म्हणाले, "दिग्या, उतर. गाडी रडाय लागली." माझं पूर्ण नाव दिग्विजय आहे. त्यानंतर चार दिवस मी इंजिनाच्या झाकणावर त्यांच्या शेजारी बसून होतो, डावीकडं डोळे लावून, आणि रोज रात्री ताईचा एकच फोन यायचा: सांगितलंस का?

तर गाडी फलाटाला लागली, मामा खाली उतरले आणि स्टँडची पाहणी करायला लागले. स्टँड म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिच्यात वीसेक माणसं नटूनथटून बसलेली होती. पुरुषांचे रंगीत साफे, बायकांच्या लाल-पिवळ्या ओढण्या, आणि भोवती खोक्यांमध्ये पंखा, मिक्सर, पितळी घागरी असा आहेर. मामांनी नळ सोडून बघितला, पाणी आलं तेव्हा मान हलवली आणि बाकड्याचा पाय हलवून बघितला. तेवढ्यात आमच्या खिडकीतून एक केशरी साफा आत आला आणि गॅसच्या शेगडीवर बसला. आपल्याकडं रुमाल टाकतात, तिकडं साफा टाकतात, एवढाच फरक. मी साफा उचलून परत द्यायला वळलो, तर मालक आत येऊन शेगडीच्या शेजारी ओट्यावर बसलेला होता. त्याच्यामागून बाकीचे आले. कुणी काही विचारलं नाही. गाडीवर दोन फुटी अक्षरांत 'घर' लिहिलेलं होतं आणि ते सगळ्यांनी वाचलं होतं. पण फलाटाला लागलेलं घर म्हणजे बसच.

मी धावत मामांकडं गेलो.

"मामा, लोक आत बसलेत."

"बसणारच."

"त्यांना उतरायला सांगा."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना कुणाला ढकलून द्यायला सांगितलं होतं. "फलाटाला लागलेल्या गाडीतनं माणूस उतरवायचा न्हाई, दिग्या. चौतीस वर्षांत न्हाई उतरवला."

"पण मामा, ही बस नाही."

"मग फलाटाला का लागली?"

लावली त्यांनीच होती.

साफ्याचे मालक हुकमारामजी, निवृत्त पोस्टमन. त्यांना हिंदी चांगलं येत होतं, त्यामुळं सगळी हकिगत त्यांच्याकडून कळली. गावाला दिवसातून एकच बस, तीही खासगी. आज ती आली नव्हती, कारण बसमालकाच्या मुलीचं लग्न होतं. लग्न अडतीस किलोमीटरवर, बसमालकाच्या गावी. आणि ही सगळी मंडळी त्याच लग्नाला निघाली होती. बस बंद का आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, कारण प्रत्येकाच्या हातात पत्रिका होती. मी विचारलं, मग सकाळपासून इथं बसून काय करताय? हुकमारामजी म्हणाले, बसची वाट बघतोय. बस येणार नाही हे माहीत असताना? ते म्हणाले, दुसरीकडं कुठं बघणार?

मी आत गेलो तोवर मामी कामाला लागली होती. पदर खोचून ती गर्दीतून वाट काढत प्रत्येकाला "कुठं?" विचारत होती. सगळे एकाच ठिकाणी जाणार होते, तरी तिनं प्रत्येकाला विचारलं. ज्याच्या हातात कागद नाही तो प्रवासी नव्हे, असा तिचा जुना नियम. म्हणून ती प्रत्येकाला एक-एक चिटोरा फाडून देत होती. चिटोरे माझ्या छापील माहितीचे होते. बावडीचा इतिहास एका म्हातारबुवांच्या वाट्याला गेला. किल्ला मधोमध फाटून दोन बहिणींना मिळाला. दोन्ही पलंगांवर मिळून अकरा माणसं बसली, दोघं ओट्यावर, बाकीची उभी, आणि संडासात एक गृहस्थ दार उघडं ठेवून मांडीवर टेबलफॅन घेऊन बसले. ते आधी बाहेर वळून मगच आत गेले, याचं मला कौतुक वाटलं.

मामी दाराच्या पायरीवर उभी राहिली. दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

मामांना मी एवढं खुशीत पाच वर्षांत बघितलं नव्हतं. रिकामी गाडी चालवणं म्हणजे रिकामं ताट वाढून घेण्यासारखं आहे, असं ते नेहमी म्हणायचे. आज ताट भरलं होतं. स्टँडमधून त्यांनी गाडी अशी काढली, की फ्रीजवरचा तांब्यासुद्धा हलला नाही. हुकमारामजी ओट्यावर बसून मला गाव दाखवत होते. उजवीकडं किल्ला. आता आत धान्याचं गोदाम आहे. डावीकडं बावडी. पुढं छत्र्या. मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्तीला नेलं ते हुकमारामजींच्या वडिलांच्या हयातीत. मी म्हणालो, मामा, जरा थांबूया का, किल्ला बघूया. मामांनी आरशातून विचारलं, "मॅडम, किल्ल्याला कोण उतरणार हाय का?" मामी म्हणाली, कोणी नाही. गाडी पुढं गेली. अशा रीतीनं चार मिनिटांत आमचं खारलसर बघून झालं.

गावाबाहेर पडल्यावर रस्ता सरळ झाला. दोन्हीकडं वाळू आणि मधूनमधून खेजडीची खुरटी झाडं. कडेच्या वस्त्यांवरूनही लग्नाची माणसं उभी होती. गाडी येताना दिसली की हात वर व्हायचा.

"चौगुले, डावीकडं हात," मामी पायरीवरून सांगायची. मामा थांबवायचे.

"चौगुले, डावीकडं उंट."

मामा हळू करायचे. उंट आमच्याकडं बघायचा आणि मग रस्त्यात यायचा.

मामी फक्त डावीकडचंच सांगत होती. उजवीकडं एकदा अख्खा मेंढ्यांचा कळप आला, तर ती चकार शब्द बोलली नाही, आणि मामांनी तो लांबूनच बघून गाडी थांबवली. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. कंडक्टरला दारात उभं राहायची सवय, दार डावीकडं, एवढंच मला वाटलं. माझं सगळं लक्ष 'कसं सांगायचं' ह्यात होतं. एकदा मी सुरुवातही केली. म्हणालो, मामा, तुमचं लायसन कधी संपतंय? ते म्हणाले, वाढवून घेतलंय. मी म्हणालो, पण डोळे तपासावे लागत असतील ना? ते म्हणाले, लागतात की. आणि मग एकोणीसशे एक्क्याण्णव साली आंबोलीच्या धुक्यात त्यांनी गाडी कशी खाली आणली, ते सांगायला लागले. तेव्हा दोन्ही डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात रोहिणीताईचा फोन आला.

"सांगितलंस?"

"अजून नाही."

"मागं कसला गलका?"

"वऱ्हाड आहे."

"कुणाचं?"

"ते नीट कळलं नाही. बसमालकाकडचं."

ताईनं हळूच विचारलं, "गाडी कोण चालवतंय, दिगू?" मी म्हणालो, रेंज जातेय. रेंज उत्तम होती. वाळवंटात आडवं यायला काही नसतं.

आत एकत्तीस माणसं झाली असतील तेव्हा मी मोजायचं सोडलं. दुपारच्या पंगतीला पोचायचं म्हणून सगळे घाईत होते. हुकमारामजींनी आवाज देऊन विचारलं, धापूबाई गेली का कुणाबरोबर पुढं? कुणी म्हणालं गेली, कुणी म्हणालं नाही. धापूबाई ही नवरीच्या आजीची बहीण. पंचक्रोशीतल्या लग्नाची गाणी तीच सुरू करते, तिनं पहिली ओळ म्हटल्याशिवाय बायका तोंड उघडत नाहीत, असं ते मला समजावून सांगत होते.

आणि मला ती दिसली.

ती समोर, डावीकडं, जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर होती. रस्त्यापासून दहा पावलं आत, खेजडीच्या सावलीत. अंगावर भडक लाल घागरा आणि हळदीच्या रंगाची ओढणी. आजूबाजूला डोळा पोचेल तिथवर सगळं एकाच मातकट रंगाचं, आणि मध्ये एवढीच एक रंगीत गोष्ट. हात सरळ वर केलेला. तिला न बघणं शक्यच नव्हतं. तिला बघायला विमानातल्या माणसालासुद्धा चष्मा लागला नसता.

मी वाट बघत होतो, मामा कधी गियर खाली आणतात त्याची. त्यांनी आणला नाही. मी मामीकडं बघितलं. मामी पायरीवर उभी होती. ती त्या बाईकडंच बघत होती, सरळ, आणि तोंड बंद ठेवून होती. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल.

आम्ही तिच्यासमोरून गेलो. चांगले साठच्या वेगानं. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हता अजून. नुसता आमच्याबरोबर वळत गेला, हात तसाच वर. मागून कुणीतरी ओरडलं. गाडी शंभरेक पावलं पुढं गेली आणि मग मामीनं दोरी ओढली. एकदा.

मामांनी गाडी थांबवली. एक घंटी म्हणजे थांबायचं. का ते नंतर विचारायचं.

"काय झालं, मॅडम?"

"हात केलेला हुता, चौगुले."

"कुठं?"

"मागं ऱ्हायला. डावीकडं."

मामा बराच वेळ समोरच्या काचेतून बघत बसले. गाडी मागं घेता आली असती, त्यांनी घेतली नाही. इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खाली उतरून मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मीही उतरलो. धापूबाई वाळूतून रस्त्यावर आली होती आणि चालत आमच्याकडं येत होती. ऊन लख्ख होतं. ती अख्खी दिसत होती, पायातल्या कड्यांपासून ओढणीच्या किनारीपर्यंत. मामा तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी मान जराशी उजवीकडं वळवली. मग परत सरळ केली. मग परत वळवली. ते काय करताहेत, हे मला तिसऱ्या वेळी कळलं: बाई कुठं दिसेनाशी होते, ते बघत होते.

चौतीस वर्षांत त्यांनी काय केलं नव्हतं, तर हात केलेला माणूस मागं टाकला नव्हता. बाकीचे ड्रायव्हर अपघात न झाल्याचा बिल्ला सांगायचे. मामा हे सांगायचे.

शंभर पावलं चालायला वयस्कर बाईला बराच वेळ लागतो, आणि वाटेत राग वाढत जातो. पोचली तेव्हा धापूबाई पुरती तापलेली होती. ती सरळ मामांपुढं येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली:

"आंधो है कांई?"

खिडक्यांमधून सगळे हसले. हा प्रश्न ह्या देशातल्या प्रत्येक ड्रायव्हरला दिवसातून चारदा विचारला जातो आणि आजवर कुणी त्याचं उत्तर दिलेलं नाही.

"हां, मौसी," मामा म्हणाले. "डावा डोळा गया है."

धापूबाईचं तोंड पुढच्या शिवीसाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं मामांकडं निरखून बघितलं. मग अगदी सहज, जसं एखाद्याच्या अंगात ताप आहे का बघावं तसं, तिनं आपला बांगड्यांनी भरलेला हात त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्यासमोर धरली. किती, असं विचारलं असावं. मामा सहा फुटी माणूस, तिच्यासाठी वाकून उभे होते.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

तिनं हात काढला आणि काहीतरी बोलली. राग उतरलेला होता, पण आवाज तोच होता. हुकमारामजी खिडकीतून मला म्हणाले, ती म्हणतेय, मग पुढं कशाला बसलास, मागं बैस, मला उशीर होतोय.

मी चार दिवस जे सांगू शकलो नाही, आणि ताईनं मला जे सांगायला पाठवलं, कारण तिलाही ते जमलं नव्हतं, ते त्या बाईनं दीड मिनिटात सांगून टाकलं होतं. तिला पंगतीला पोचायचं होतं.

मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. काही समारंभ नाही, पानाची पिचकारी मारून आल्यावर पाण्याचा तांब्या द्यावा तशी.

"क्लच पुरता दाबायचा. पाय नुसता टेकवायचा न्हाई."

"हो, मामा."

"डॉक्टरचं पत्र तुझ्या पिशवीत हाय नव्हं?"

मी किल्ली ह्या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्याबी ट्रंकेत एक हाय," मामा म्हणाले. "दोन वर्सामागलं."

ह्याला आता आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी गारगोटीला गेलो होतो, तेव्हा वाटाणे सोलता सोलता मामीला विचारलं, की त्या दिवशी ती गप्प का बसली. मामीनं पहिल्यापासून सांगितलं. तिला ते पत्र ट्रंकेत सापडलं त्या दिवसापासून मामा जी गाडी चालवायचे, शेजाऱ्याची जीप असो नाहीतर दुधाचा टेम्पो, त्यात ती डावीकडं जाऊन बसायची. गावात लोक म्हणायचे, चौगुल्यांचं ह्या वयातही किती प्रेम. ती डावीकडचं सांगायची, मामा थांबायचे, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

"मी सांगत हुतो तवर त्यास्नी वाटायचं, आपल्यालाच दिसतंय," मामी म्हणाली. "बाई झाडाखाली हुती, रस्त्यापास्नं लांब. ते बघितलं आन् मगच गप बसलो."

मग तिनं सोललेल्या वाटाण्यांतला एक किडका काढून बाजूला टाकला.

पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की मामा प्रवाशांच्या दारानं आत चढले आणि त्यांना बसायला जागा नव्हती. ते मधल्या वाटेत उभे राहिले. कशाला धरून उभं राहायचं हेही त्यांना कळेना. त्यांनी आधी फ्रीज धरला, मग कुणाचा तरी खांदा, मग सोडून दिला. आयुष्यभर त्यांच्यासाठी गाडीत एक जागा ठरलेली होती आणि ती कुणी मागितली नव्हती. जागा शोधायची असते कशी, हे त्यांना माहीतच नव्हतं. धापूबाईला मात्र पूर्ण माहीत होतं. चढल्या चढल्या तिनं पलंगावर कोपरानं वाट काढली होती. तिनं शेजारच्या दोन बहिणींना आणखी सरकवलं, वीतभर जागा केली आणि तिच्यावर हातानं दोनदा थापटलं. मामा अंग चोरून बसले. कुणीतरी त्यांच्या मांडीवर मिक्सरचं खोकं ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

मी गाडी सुरू केली. दोन वेळा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली, आणि निघताना जो आवाज झाला त्याला वऱ्हाडातून दबक्या आवाजात दाद मिळाली. मागं धापूबाईनं घसा साफ केला आणि गाणं उचललं. बायकांनी तिच्यामागून ओळ धरली. मी आरशात बघत होतो, रस्ता सोडून, म्हणजे जे ड्रायव्हरनं करायचं नसतं ते. मामा कुणाकडं बघत नव्हते. त्यांनी मान उजवीकडं वळवली होती आणि शेजारच्या खिडकीतून बाहेर बघत होते. चार दिवस ते गाडी चालवत इथवर आले होते, पण त्यांनी बघितला तो रस्ता, पांढरा पट्टा आणि आरसा. बाजूला काय आहे ते आता पहिल्यांदाच बघत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली.

"दिग्या."

"काय, मामा?"

"हितं काहीच न्हाई की रं."

"वाळवंट आहे, मामा."

"त्ये ठावं हाय," मामा म्हणाले. खोकं मांडीवर नीट धरून ते आणखी थोडा वेळ बाहेर बघत राहिले. "पण एवढं?"